अव्वाचा प्रोग्रॅम

एका मांजराचा माणसांना किती राग येऊ शकतो, हे मला २००८ साली कळलं. मांजर खरंखुरं नव्हतंच. संगणकाच्या पडद्यावरचं होतं, नारिंगी रंगाचं, दोन पायांवर उभं राहणारं. माझा चुलतभाऊ ऋतुराज पुण्यात इंजिनिअरिंगला होता. तो दिवाळीला आला तेव्हा ते पेन ड्राइव्हवर घेऊन आला आणि म्हणाला, "आक्का, पोरांस्नी हे शिकव. मॉनिटर म्हंजे काय ते पाठ करून घेत बसू नकोस."

मला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. उचगावच्या आमच्या शाळेत दोन वर्षं ऑफिसात टायपिंग केल्यावर मी सात वर्षं तासिका तत्त्वावर संगणक शिकवत होते. म्हणजे जितके तास, तितकंच माझं अस्तित्व. आठ मशिनं आणि वर्गात बावन्न पोरं. माउसचं चित्र काढा, कीबोर्डच्या कळा मोजा, असं करून मी वर्ष ढकलायची. पोरं जांभया द्यायची आणि मलाही यायच्या.

ऋतुराजच्या त्या प्रोग्रॅममध्ये टाईप काहीच करायचं नव्हतं. डाव्या बाजूला रंगीत ठोकळे. 'दहा पावलं चाल', 'वळ', 'पुन्हा कर'. ठोकळ्याखाली ठोकळा अडकवायचा आणि हिरवा झेंडा दाबायचा. मांजर चालायला लागायचं. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा सहावी ब एवढी ओरडली की शेजारच्या वर्गातून सौंदर्या धावत आली. तिला वाटलं, कुणाला शॉक बसला.

पण दुपारी सहावीचा तास आणि नेमकं तेव्हाच भारनियमन. लाईट गेली की मांजरही गेलं. मग मी कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून साड्यांची रिकामी खोकी आणली, पुठ्ठे कापले, रंगवले आणि ठोकळे जमिनीवर मांडायला लावले. एका पोराला मांजर करायचं, बाकीच्यांनी पुठ्ठे जोडायचे, आणि मांजराने पुठ्ठ्यावर लिहिलेलं असेल तेवढंच करायचं. पहिल्याच दिवशी आमचं मांजर भिंतीवर जाऊन आदळलं, कारण 'थांब' कुणी लिहिलंच नव्हतं. निळे ठोकळे कामाचे, पिवळे 'जर–तर'चे. मी पोरांना सांगायची, मांजराला स्वतःची अक्कल नसते, तेव्हा काही गाळू नका. शनिवारीसुद्धा पोरं शाळा सुटल्यावर जायला तयार नसायची.

सौंदर्याबद्दल सांगायला हवं. ती विज्ञान शिकवायची. माहेर गडहिंग्लजच्या पुढचं, घरात कानडी, त्यामुळे तिची मुलगी शिवांजली तिला अव्वा म्हणायची. नऊ वर्षं आम्ही दोघी एका डब्यात जेवलो. तिची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, माझा खर्डा. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा अकरा दिवस ती शाळा सुटली की थेट तिथं यायची आणि मला घरी पाठवायची. वडील गेले तेव्हा माझ्या आधी ती रडली. बहीण असती तर तिनंही एवढं केलं नसतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटायची. किती मूर्ख असावं माणसानं!

डिसेंबरात पहिलं निनावी पत्र आलं. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावून दाखवलं. फुलस्केप कागद, डावीकडे कललेलं वेडंवाकडं अक्षर, उताराला लागलेल्या शिरोरेषा. 'सदर शिक्षिका अध्यापनाऐवजी संगणकावर मार्जार नाचवितात व विद्यार्थ्यांचा बहुमोल वेळ निरर्थक खेळात दवडितात, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली सही नाही. आठ दिवसांनी दुसरं. मग तिसरं, त्यात असल्याच जडजड शब्दांत पुठ्ठ्याचे ठोकळे म्हणजे बालवाडी चालवली आहे, असं होतं. चौथ्यात माझ्या पात्रतेची चौकशी मागितली होती.

चौथ्या पत्रानंतर मी संगणक खोलीत उरलेल्या प्रयोगशाळेच्या जुन्या बाकावर डोकं टेकून रडले. सौंदर्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडतीस काय? कोण मेला हाय तो, हुडकून काढू की," म्हणाली. मग दारापाशी जाऊन कुणी ऐकत नाही ना बघून आली आणि हळूच म्हणाली, "मला तर ते राजशेखर सर वाटतात. त्यांचा गणिताचा एक तास तुझ्या संगणकाला दिल्यापासनं त्यांचं तोंड बघ की."

राजशेखर सर बिचारे गरीब माणूस. पण मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. ते 'नमस्कार मॅडम' म्हणायचे आणि मी मान वळवून पुढे जायची.

पाचवं पत्र थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलं. अध्यक्ष हंबीरराव, सगळे त्यांना दादा म्हणायचे. माणूस तोंडाचा फाटका पण एकदा बोलला की शब्द फिरवायचा नाही. त्यांनी निरोप पाठवला, फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी स्वतः येऊन बघतो, आणि तिथल्या तिथं काय तो निर्णय देतो. निर्णय म्हणजे काय ते मला माहीत होतं. संगणक खोली बंद झाली तर मशिनं ऑफिसात जाणार आणि मी घरी. माझी नेमणूकच त्या खोलीवर होती. पण खरं सांगते, नोकरीपेक्षा मला त्या तासाची भीती वाटत होती. सात वर्षं जांभया दिल्यावर मला पहिल्यांदा शिकवता येत होतं.

शनिवारी दादांसमोर पोरांनी स्वतःचं काहीतरी दाखवावं म्हणून मी सहावीला घरचा अभ्यास दिला. घरातलं एक माणूस ठोकळ्यांत बसवून आणा. ते माणूस दिवसभर काय करतं, कशानंतर काय करतं, काय झालं तर काय करतं, सगळं. चांगले पाच प्रोग्रॅम मशीनवर घालू.

काय एकेक आलं! सोमेशनं आज्ज्याला बसवला होता. 'जर चहात साखर कमी असेल तर ओरड. जर बरोबर असेल तरी ओरड.' एकानं बापाला बसवलं. 'जर म्हशीनं लाथ मारली तर म्हशीला शिवी दे. जर म्हैस गप असेल तर आईला दे.' आम्ही पोट धरून हसलो. मी त्या पोराला पुढं बोलावून सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

शिवांजलीनं अव्वाला बसवलं होतं. पोरगी अकरा वर्षांची, नीटनेटकी, अक्षर मोत्यासारखं. तिचे पुठ्ठे सरळ रांगेत. ऊठ. आंघोळ कर. लिंगपूजा कर. दूध तापव. डबा भर. स्कूटी काढ. शाळेत शिकव. घरी ये. वह्या तपास. सगळे निळे ठोकळे, पिवळा एकही नाही.

"शिवा, तुझ्या अव्वाच्या आयुष्यात एक पण 'जर' न्हाई व्हय?" मी म्हटलं. "रोज होतं ते तू लिहिलंस. कधीतरीच होतं ते बघ. अजून काहीतरी राहिलंय बघ तुझं."

ती ओठ चावत परत गेली. तिला माझ्याकडून 'चुकलं' ऐकायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खायच्या आधीच ती खोलीत आली आणि तीन पिवळे पुठ्ठे तिनं माझ्यासमोर मांडले.

'जर भात करपला तर वरचावरचा वाढ.'

'जर बाबा रागावले असतील तर कानडीत बोल.'

'जर अर्ज असेल तर कच्चा कागद शिवाला दे. शिवा डाव्या हातानं उतरवून देईल. मग कच्चा कागद फाडून चुलीत घाल.'

मी पहिल्या दोन पुठ्ठ्यांना हसले. तिसऱ्यालाही हसत होते, मग वाचता वाचता थांबले.

"डाव्या हातानं का गं?" मी विचारलं.

"अव्वा म्हणते, दोन्ही हातांनी लिवलं की डोकं हुशार होतंय," ती म्हणाली. "सरकारी अर्ज असतेत. मला त्यातलं काय कळत न्हाई, नुसतं बघून काढतो. 'कार्यवाही' म्हंजे काय हो मॅडम?"

तो शब्द मी पहिल्याच पत्रात वाचला होता. तरी मन ऐकेना. असेल काहीतरी शिष्यवृत्तीचा अर्ज, असेल नवऱ्याच्या बदलीचा. नऊ वर्षांची मैत्री एका पुठ्ठ्यावर मोडते का कुठं? पण हात मात्र माझा आपोआप टेबलावरच्या कोऱ्या पुठ्ठ्याकडे गेला. "दाखव की मला डाव्या हातानं लिहून," मी म्हटलं. "काय लिहू?" तिनं विचारलं. "लिही, सदर शिक्षिका."

तिनं जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरली आणि डाव्या हातात पेन घेतलं. अक्षरं डावीकडे कलली. 'श'ची गाठ खाली उघडी राहिली. शिरोरेषा उताराला लागली. हे अक्षर मी चार वेळा पाहिलं होतं. ते मला झोपेतही ओळखू आलं असतं.

"छान लिहितेस गं," मी म्हटलं. ती उड्या मारत डबा खायला गेली आणि मी तो पुठ्ठा पर्समध्ये घातला. अकरा वर्षांच्या पोरीला गोड बोलून मी तिच्याच हातून तिच्या आईविरुद्ध पुरावा लिहून घेतला होता. पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. तेव्हा मला फक्त सौंदर्याचा हात माझ्या पाठीवरून फिरताना जाणवत होता.

सौंदर्या जिन्याखालच्या अडगळीत होती. विज्ञानाचं सामान तिथं एका कपाटात कोंबलेलं असायचं. ती फडक्यानं काचनळ्या पुसत होती. मी सरळ विचारलं, "पत्रं तू लिहितीस?"

ती आधी "कसली पत्रं?" म्हणाली. मी पुठ्ठा बाहेर काढला. तिनं तो पाहिला, मग काचनळी स्टँडला लावली आणि दुसरी घेतली.

"ती खोली कुणाची होती, वर्षा?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुझी मशिनं आली त्या रविवारी माझी प्रयोगशाळा रिकामी केली. बेसिन फोडलं, गॅसच्या नळ्या उपटल्या. सोमवारी तू पेढे वाटलीस. मला पण एक दिलीस. मी खाल्लो की."

"मग मला सांगायचं होतंस!"

"सांगितलो की. तू म्हणालीस, होईल गं सोय. सात वर्षं झाली. सात वर्षं मी फळ्यावर चित्र काढून बेडूक शिकवतो. वाटलं, मशिनं काय, आज न्हाई उद्या गंजतील. तर तू मांजर आणलीस. आता शेजारची खोली पण मागितलीस म्हणे. माझं एक सूक्ष्मदर्शक तेवढं हाय तिथं."

हे सगळं खरं होतं. पेढेसुद्धा. पण मला त्या क्षणी तिची प्रयोगशाळा दिसत नव्हती. मला राजशेखर सर दिसत होते. रोज नमस्कार करणारे आणि रोज अपमान गिळणारे.

"तू माझ्यासमोर त्यांचं नाव घेतलंस," मी म्हटलं. "मी रडत होतो आणि तू दार बघून आलीस! तुला लाज कशी वाटली न्हाई? हा पुठ्ठा शनिवारी दादांच्या हातात देणार मी."

"दे की," सौंदर्या म्हणाली. आता ती पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती. "पण अक्षर कुणाचं हाय ते पण सांग. सहावीतल्या पोरीचं नाव घे चारचौघांत. म्हणावं, हिनं लिवली पत्रं. जमंल तुला? तुझीच लाडकी हाय ती. न्हाई जमायचं तुला. मी ओळखतो की तुला."

तेव्हा मला कळलं की डाव्या हाताची शक्कल अक्षर लपवायला नव्हती. डावा हात तिलाही होता. तिनं पोरीला मुद्दाम मधे उभी केली होती, कारण माझा दगड तिथं यायचा नाही हे तिला ठाऊक होतं. नऊ वर्षं एका डब्यात जेवून तिनं माझं हेच शिकून ठेवलं होतं. पत्रांचा मला जितका राग आला नव्हता तितका याचा आला.

शनिवारपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की गप्प बसायचं. पोर निष्पाप आहे. खोली गेली तर गेली. असं मी स्वतःला दिवसातून दहादा बजावलं. पुठ्ठा मात्र पर्समधून काढला नाही. का काढला नाही, ते आता कबूल करायला काही हरकत नाही. मला तो हवा होता.

दादा साडेनवाला आले. पांढरी टोपी, करकरती चप्पल. मुख्याध्यापक, सगळे शिक्षक मागच्या भिंतीला उभे. सौंदर्या खिडकीपाशी. दादांनी पाचही पत्रं टेबलावर मांडली, वर काचेचा गोळा ठेवला आणि म्हणाले, "हं. नाचवा तुमचं मांजर."

पोरांनी जीव तोडून दाखवलं. लाईटही त्या दिवशी राहिली. म्हैस पडद्यावर लाथ मारायला लागली तेव्हा दादा खुर्चीत मागं रेलून हसले. शिवांजलीनं अव्वाचा प्रोग्रॅम दाखवला. त्यात भात होता, कानडी होती, तिसरा ठोकळा नव्हता. तो मीच तिला वगळायला लावला होता, 'पडद्यावर मावत नाही' असं खोटं सांगून. ती जागेवर जाऊन बसली.

"मज्जा हाय," दादा म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पण बाई, पाच पत्रं आल्यात. एक असतं तर मी फाडून टाकलं असतं. पाच म्हंजे पालकांत कुजबुज हाय. उद्या ती पेपरात गेली तर संस्थेची अब्रू जाईल. मशिनं ऑफिसात न्हेऊया. खोली विज्ञानाला परत देऊन टाकू. काय म्हणता, सौंदर्या मॅडम?"

सौंदर्यानं पदर सारखा केला. "संस्था म्हणेल तसं," ती म्हणाली.

तेवढंच. ती गप्प राहिली असती तर मीही राहिले असते, असं मला वाटतं. पण त्या सोज्वळ आवाजात 'संस्था म्हणेल तसं' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी पर्स उघडली. मनात म्हटलं, नाव घ्यायचं नाही. नुसता पुठ्ठा ठेवायचा. मी तो पत्रांच्या शेजारी ठेवला आणि म्हटलं, "दादा, अक्षर बघा."

दादांनी चष्मा लावला. एक पत्र उचललं, पुठ्ठ्याशेजारी धरलं. दुसरं उचललं.

"आयला, एकच हाय की हे!" ते म्हणाले. "कुणी लिवलंय हे?"

मी तोंड उघडलं. 'ठाऊक नाही' म्हणणार होते. शपथेवर सांगते, तेच म्हणणार होते. पण दुसऱ्या रांगेत शिवांजली उभी राहिली होती.

"मी, सर!" ती म्हणाली. चेहरा फुललेला. एवढा मोठा माणूस अक्षर विचारतोय म्हणजे कौतुकच असणार, असं तिला वाटलं. कुणी न बोलावता ती टेबलाशी आली. "डाव्या हातानं लिवलंय." मग तिला पत्रं दिसली. तिनं एकेक ओळखून त्यांच्यावर बोट ठेवलं. "हे पण माझं. हे पण. पाची माझीच हाईत. अव्वा कच्चं देते, मी पक्कं करतो."

राजशेखर सरांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. दादांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते सौंदर्याकडे बघत राहिले. सौंदर्या भिंतीला टेकली होती. ती दादांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. मला जे जमायचं नाही असं तिनं धरलं होतं, ते मला जमलं होतं.

शिवांजलीनं आईकडे पाहिलं. मग इतर शिक्षकांकडे. कुणीच हसत नव्हतं. तिचं बोट अजून शेवटच्या पत्रावर होतं. ते तिनं हळूच मागे घेतलं आणि फ्रॉकला पुसलं.

"मॅडम," ती मला म्हणाली, "माझं काय चुकलं?"

तिच्याजवळ जाऊन खाली बसायचं होतं. तिचा हात धरून म्हणायचं होतं, तुझं काही चुकलं नाही, आम्हा दोघींचं चुकलं. एवढंच काम होतं आणि ते माझंच होतं. पण दादा खुर्चीतून उठायला लागले होते. ते एकदा दारातून बाहेर पडले की पुन्हा वर्षभर हाती लागले नसते.

"काही नाही गं, बस जा जागेवर," मी म्हटलं, तिच्याकडे न बघता. आणि दादांच्या आडवी जाऊन उभी राहिले.

"दादा, मग खोली राहिली ना आमची?"